अपघाताच्या क्लेममध्ये मनाला झालेली इजा कशी सिद्ध करायची

मोटार अपघाताच्या क्लेमचा अर्ज कधी नीट वाचला असेल तर शेवटी शेवटी एक ओळ हमखास सापडते, "अर्जदारास तीव्र शारीरिक व मानसिक त्रास झाला असून" आणि पुढे एक गोल आकडा. ही ओळ बहुतेक वेळा वकिलाच्या कॉम्प्युटरमध्ये आधीपासूनच टाईप केलेली असते, बोट मोडलेल्यालाही तीच आणि डोक्याला मार लागून तीन आठवडे आयसीयूत पडलेल्यालाही तीच, त्यामुळे ट्रायब्युनल (मोटार अपघाताचे क्लेम ऐकणारं न्यायाधिकरण, म्हणजेच एमएसीटी) ती वाचतं आणि पुढे जातं. ग्राहक आयोगात बिल्डरने फ्लॅट उशिरा दिला, विमा कंपनीने फेऱ्या मारायला लावल्या, अशा केसमध्ये तेवढ्यावरही काहीतरी ठोक रक्कम मिळते, तिथे कोणी डॉक्टरचा कागद मागत नाही. पण एखादा माणूस अपघातानंतर खरंच गाडीत बसू शकत नाहीये, रात्री ओरडत उठतोय, दुकान उघडून दोन तासात बंद करून घरी येतोय, तर तो "त्रास" नाही, ती इजा आहे, आणि इजा म्हटली की ती तपासून, मोजून, लिहून आणावी लागते. हे काम कसं होतं आणि आपण त्यात काय करायचं ते लिहितोय. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, वकील नाही, त्यामुळे कायद्याचं जे लिहिलंय ते स्वतःच्या वकिलाला दाखवून घ्या.

आधी पैशाचं गणित समजून घ्या, कारण सगळी तपासणी शेवटी तिथेच येऊन थांबते. सुप्रीम कोर्टाचा राजकुमार विरुद्ध अजय कुमार हा २०१० चा निकाल, एमएसीटीत रोज ज्याचं नाव निघतं तो. त्यात सांगितलंय की डॉक्टरने लिहिलेला अपंगत्वाचा टक्का आणि कमाईचं नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उदाहरण दिलंय डावा हात गेलेल्याचं, तो ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याचं काम जवळजवळ संपलंच, आणि तोच सरकारी ऑफिसात क्लार्क असेल तर नोकरी टिकू शकते. मनाचं अगदी तसंच. पीटीएसडी (मोठ्या धक्क्यानंतर मनात घर करून राहणारा आजार) झालेला अकाउंटंट कसाबसा काम ओढून नेईल, पीटीएसडी झालेला ट्रक ड्रायव्हर मात्र बोरघाटात स्टिअरिंग धरू शकणार नाही. निदान दोघांचं एकच, नुकसान जमीन-अस्मानाचं.

आकड्यात बघा. समजा ३२ वर्षांचा टेम्पो ड्रायव्हर, स्वतःचा धंदा, महिना १८,००० सिद्ध झाले. वर्षाचे २,१६,०००, त्यावर सुप्रीम कोर्टाच्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे भविष्यातल्या वाढीचे ४०% धरले की ३,०२,४००. ट्रायब्युनलने त्याची काम करायची क्षमता कायमची ३०% घटली असं मानलं तर ९०,७२०, आणि वयाप्रमाणे १६ चा मल्टिप्लायर (वर्षाच्या नुकसानाला ज्या आकड्याने गुणतात तो) लावला की १४,५१,५२०. हे सगळं त्या ३०% वर उभं आहे आणि तो ३०% कुठून येणार तर पुराव्यातून. "वेदना आणि यातना" हे हेड (भरपाईचा स्वतंत्र भाग) वेगळं, त्यात ट्रायब्युनलला मोकळीक असते पण मोठी रक्कम तिथेही फार गंभीर केसमध्येच मिळते, के. एस. मुरलीधर प्रकरणात २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या एका हेडखाली १५ लाख दिले पण तिथे अपंगत्व ९०% होतं. त्या आकड्याचं व्हॉट्सॲप फॉरवर्ड घेऊन वकिलाशी भांडायला जाऊ नका.

आता कामाला लागू. अपघात झाल्यावर पहिल्या महिन्यात काय करायचं तर तपासणीच्या मागे अजिबात लागायचं नाही, उपचाराच्या मागे लागायचं. पहिले काही आठवडे झोप उडणं, दचकणं, तेच चित्र डोळ्यापुढे येणं हे बहुतेकांना होतं आणि बऱ्याच जणांचं आपोआप ओसरतं, म्हणूनच पीटीएसडीचं निदान करायला लक्षणं महिनाभराच्या वर टिकलेली असावी लागतात. पण सांगायचं मात्र पहिल्या दिवसापासून! हाडाच्या डॉक्टरकडे फॉलोअपला गेलात की त्यांनाच सांगा, "झोप लागत नाही, गाडीचा हॉर्न ऐकला की छातीत धडधडतं", आणि हे केस पेपरवर लिहा अशी विनंती करा. दोन वर्षांनी उलटतपासणीत पहिला प्रश्न हाच असतो, एवढा त्रास होता तर अपघातानंतरच्या आठ महिन्यात एकाही कागदावर का नाही? ऑर्थोच्या ओपीडी पेपरवरची ती घाईघाईत लिहिलेली एक ओळ नंतरच्या पंचवीस पानी रिपोर्टपेक्षा जास्त वजनदार ठरू शकते, कारण ती लिहिली तेव्हा कोणाच्या डोक्यात क्लेम नव्हता.

आपल्याकडची अडचण अशी की लोक सांगतच नाहीत. वकील, इन्शुरन्सवाले सगळे "पेशंट वाढवून सांगतो" याची चर्चा करतात पण मला तरी उलटंच जास्त दिसतं, माणूस समोर बसतो आणि म्हणतो "तसं बरंय माझं, फक्त डोकं जड राहतं". बायको मागून खुणा करत असते. मग हळूहळू कळतं की हा सहा महिने एसटीत बसलेला नाही, बहिणीच्या घरच्या लग्नालाही गेला नाही कारण वाटेत तोच चौक लागतो. "वेडा ठरवतील", "मुलीचं लग्न जमायचंय" ही भीती असते. काही ठिकाणी आधी देवऋषीकडे नेलेलं असतं, लिंबू-नारळ झालेलं असतं, आणि ते डॉक्टरला सांगायची लाज वाटते. सांगा. तपासणाऱ्याला त्यावरून तारीख कळते, घरच्यांना कधी वाटायला लागलं की काहीतरी बिघडलंय ती तारीख.

मुदतीचं एक. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १६६(३) आलं, १ एप्रिल २०२२ पासून लागू, त्याप्रमाणे क्लेमचा अर्ज अपघातापासून ६ महिन्यात करायचा. त्यावर कोर्टात बरीच भांडणं चालू आहेत पण तुम्ही त्या भरवशावर राहू नका. मानसिक तपासणी पूर्ण व्हायची वाट बघत अर्ज लांबवू नका, अर्ज करा आणि त्यात मानसिक इजेचा मुद्दा नावासकट, लक्षणांसकट लिहून ठेवा, रिपोर्ट नंतर येऊ दे. अर्जात एक शब्दही नाही आणि पुराव्याच्या वेळी अचानक पीटीएसडी, असं झालं की समोरचा वकील खुश.

तपासणी कोणाकडून करायची? इथे सगळ्यात मोठा गोंधळ असतो. तुमच्यावर उपचार करणारा सायकियाट्रिस्ट आणि कोर्टासाठी तपासणी करणारा, हे शक्यतो दोन वेगळे लोक असावेत. उपचार करणारा तुमच्या बाजूचा असतो, असायलाच पाहिजे, तो तुमचं बोलणं खरं धरून औषध देतो, शेजाऱ्याला फोन करून खातरजमा करत बसत नाही. कोर्टासाठी तपासणाऱ्याला मात्र शंका घ्यावीच लागते, जुने कागद मागावे लागतात, आणि तुम्ही त्याला जे सांगाल ते रिपोर्टात येऊ शकतं, तिथे पेशंट-डॉक्टर गुप्तता नेहमीसारखी नसते. चांगला तपासणारा हे सुरुवातीलाच सांगून तुमची सही घेतो. नाही सांगितलं तर तुम्ही विचारा. उपचार करणाऱ्याची साक्ष वेगळी उपयोगी, त्याने बघितलेलं त्याने सांगावं, कधी आले, काय लक्षणं, काय औषध, किती फरक. जिल्ह्याच्या ठिकाणी दुसरा सायकियाट्रिस्टच नसतो हेही खरं, मग एकच माणूस दोन्ही करतो, चालतं, फक्त रिपोर्टात तसं स्पष्ट लिहिलेलं असावं.

निदान आणि औषधाचं मत सायकियाट्रिस्टने द्यायचं, मानसशास्त्रीय टेस्ट क्लिनिकल सायकॉलॉजिस्टने करायच्या, आणि तो आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) रजिस्टर्ड आहे का ते बघा. रजिस्ट्रेशन नंबर रिपोर्टवर हवा. "काउन्सेलर" लिहिलेला सहा महिन्यांचा कोर्स केलेला माणूस मनाने कितीही चांगला असला तरी साक्षीच्या पिंजऱ्यात टिकणार नाही. आणि फी. क्लेमच्या रकमेतून टक्का मागणारा कोणीही असेल तर उठून या, ज्याचे पैसे तुमच्या निकालावर अवलंबून आहेत त्याचं मत तज्ज्ञाचं मत राहतच नाही, समोरच्या वकिलाचा तो एक प्रश्न पुरेसा असतो.

अपंगत्वाचं सरकारी सर्टिफिकेट हा वेगळा विषय आणि इथे फार जण अडकतात. मानसिक आजार हा २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांपैकी एक आहे, सर्टिफिकेट सिव्हिल हॉस्पिटलच्या किंवा सरकारी मेडिकल कॉलेजच्या बोर्डाकडून मिळतं, मोजमापाची पद्धत म्हणजे आयडियाज. त्यात चार गोष्टी बघतात, स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, बोलणं-समजणं, आणि काम. प्रत्येकाला ० ते ४ मार्क, शिवाय आजार किती वर्षांचा त्याचे जास्तीत जास्त ४, म्हणजे एकूण २०. सात ते तेरा म्हणजे ४० ते ७०%. आता गंमत बघा, आयडियाजच्या मूळ सूचनांमध्ये आजार किमान २ वर्षांचा धरलेला आहे, आणि मोजपट्टी बनवली ती स्किझोफ्रेनिया वगैरे दीर्घ आजार डोळ्यापुढे ठेवून. अपघाताला दहा महिने झालेला, अंघोळ-जेवण स्वतः करणारा, घरात नीट बोलणारा पण ड्रायव्हिंग पूर्ण सुटलेला माणूस या मोजपट्टीवर फारच खाली येतो. त्याचा अर्थ त्याचं नुकसान शून्य असा नाही. म्हणून बोर्डाने टक्का कमी दिला किंवा दिलाच नाही तर हातपाय गाळू नका, कामाच्या क्षमतेवरचा तपशीलवार रिपोर्ट वेगळा लावा आणि सर्टिफिकेट का कमी आलं याचं कारण त्याच रिपोर्टात तज्ज्ञाकडून लिहून घ्या. उलट खाजगी डॉक्टरचं एका ओळीचं "४०% मानसिक अपंगत्व" हे सर्टिफिकेट नको. राजकुमार निकालातच कोर्टाने अशा तयार सर्टिफिकेटांबद्दल ट्रायब्युनलना सावध केलंय, ट्रायब्युनल पेशंटला मेडिकल बोर्डाकडे पाठवू शकतं.

जाण्याआधी कागद गोळा करा. डिस्चार्ज कार्ड, सीटी-एमआरआय, सगळी प्रिस्क्रिप्शन्स (मेडिकलची बिलंसुद्धा, औषध खरंच घेतलं हे त्यावरूनच कळतं), एफआयआर, पंचनामा. त्याहून महत्त्वाचे अपघाताआधीचे कागद: हजेरीपत्रक, पगाराच्या स्लिप, टेम्पोच्या ट्रिपची वही, पोरांच्या शाळेच्या मीटिंगचे फोटो, भजनी मंडळाचे, क्रिकेट टीमचे, काहीही ज्यावरून दिसेल की हा माणूस आधी कसा जगत होता. हॉस्पिटल रेकॉर्ड देत नसेल तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासात कागद द्यायचे असतात, आणि डॉक्टरवर रेकॉर्ड ठेवायचं बंधन ३ वर्षांचं आहे, म्हणजे पाचव्या वर्षी जाग आली तर कदाचित काहीच हाती लागणार नाही. मानसिक उपचाराच्या कागदांसाठी २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम २५ पण आहे, ते पेशंटला स्वतःचे कागद मिळायचा हक्क देतं.

जुना आजार लपवायचा का? अजिबात नाही. पाच वर्षांपूर्वी डिप्रेशनची गोळी चालू होती, दारू होती, घरात कर्जाचं टेन्शन होतं, सगळं सांगा. अपघात करणाऱ्याला समोरचा माणूस आहे तसाच पत्करावा लागतो, आधीच नाजूक होता म्हणून जबाबदारी संपत नाही, पण अपघाताने नवीन किती बिघडलं आणि आधीचं किती, हे वेगळं काढून दाखवावं लागतं आणि त्यासाठी आधीचं माहीत पाहिजे. तुम्ही लपवलेलं इन्शुरन्सवाल्यांनी जुन्या केमिस्टच्या बिलातून काढलं तर रिपोर्ट तर पडतोच, हाडाच्या फ्रॅक्चरवरही ट्रायब्युनल शंका घ्यायला लागतं. अपघातानंतर दारू सुरू झाली असेल तेही सांगा, झोपेसाठी पिणारे खूप असतात.

प्रत्यक्ष तपासणीत दोन-तीन तास जातात, कधी दोन दिवस. पहिल्यांदा तुम्ही एकटे, नंतर घरचं कोणी. घरच्यांना वेगळं बसवून विचारतात याचा राग येऊ देऊ नका, ते गरजेचं आहे. कोणाला न्यायचं तर रोज सोबत राहणाऱ्याला न्या. सगळं बोलणारा हुशार मेहुणा घरीच ठेवा, त्याने तुमचं वाक्य पूर्ण केलं की तपासणाऱ्याच्या वहीत प्रश्नचिन्ह पडतं. उत्तरं साध्या शब्दात द्या. "मला फ्लॅशबॅक येतात, हायपरव्हिजिलन्स आहे" असं कोणी यूट्यूबवरून शिकून आलं की लगेच कळतं. काय होतं, कधी, आठवड्यातून किती वेळा, मग तुम्ही काय करता, शेवटचं कधी झालं, एवढं सांगा. चांगले दिवस असतील तर तेही सांगा, सगळ्यांचे असतात. माहीत नाही तिथे "आठवत नाही" म्हणा.

टेस्टबद्दल. पीसीएल-५ ही पीटीएसडीची २० प्रश्नांची यादी, पीएचक्यू-९ ही डिप्रेशनची ९ प्रश्नांची, या तुम्ही स्वतः भरता आणि नुसत्या त्यांच्यावर कोर्टासाठीचं निदान करू नये, मार्क वाढवणं कोणालाही जमतं. मोठ्या टेस्ट, उदाहरणार्थ ५६७ विधानांची एमएमपीआय-२, त्यात उत्तरं मोकळेपणाने दिलीत का, वाढवलीत का, लपवलीत का हे बघायच्या पट्ट्या आतच असतात. स्मरणशक्तीच्या टेस्टमध्येही मुद्दाम चुकणारा सापडावा अशी सोय असते, कशी ते इथे लिहिणार नाही. वकिलाने किंवा गावातल्या जाणकाराने "सगळीकडे हो लिही" असं सांगितलं असेल तर विसरून जा, खरा आजार असलेल्या माणसाची केस अशाने पडते आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. दुसरी बाजूही आहे, यातल्या बऱ्याच टेस्ट परदेशात बनल्या, त्यांचे मराठी अनुवाद आणि आपल्या लोकांवरचे नॉर्म्स (मार्क कशाशी ताडायचे ते आकडे) सगळीकडे पक्के नाहीत, म्हणून टेस्ट कुठल्या भाषेत घेतली, वाचून दाखवली की स्वतः वाचली, शिक्षण किती, हे रिपोर्टात असलंच पाहिजे. सातवी शिकलेल्या माणसाला इंग्रजी टेस्ट तोंडी भाषांतर करून दिली असेल तर त्या मार्कांना फारसा अर्थ नाही.

डोक्याला मार असेल तर हे सगळं आणखी किचकट होतं. चिडचिड, शिवीगाळ, निर्णय न घेता येणं, हे घरच्यांना "स्वभाव बदलला" वाटतं आणि ते मेंदूच्या पुढच्या भागाच्या इजेने असू शकतं, स्कॅन नॉर्मल दिसत असला तरी. अशा वेळी न्यूरोसायकॉलॉजिकल टेस्ट मागा. फार लवकर नको, मेंदू सुधारायला वेळ घेतो. काजल विरुद्ध जगदीश चंद या २०२० च्या प्रकरणात १२ वर्षांची मुलगी होती, तिचं सामाजिक वय ९ महिन्यांच्या बाळाइतकं आहे असं तपासणीत नोंदलं होतं, आणि त्या मोजमापाच्या आधारावरच तिला आयुष्यभर लागणाऱ्या मदतनिसांचा खर्च सुप्रीम कोर्टाने मल्टिप्लायर लावून दिला. मोजलं होतं म्हणून देता आलं.

इन्शुरन्स कंपनीने त्यांच्या डॉक्टरकडे किंवा मेडिकल बोर्डाकडे तपासणी मागितली आणि ट्रायब्युनलने आदेश दिला तर जा. शारदा विरुद्ध धर्मपाल या २००३ च्या निकालात, तो घटस्फोटाचा होता, सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की दिवाणी कोर्ट वैद्यकीय तपासणीचा आदेश देऊ शकतं आणि नकार दिला तर त्याचा अर्थ तुमच्याविरुद्ध लावला जाऊ शकतो. तिथेही तेच बोला जे आधी बोललात. बाहेर आल्यावर किती वाजता सुरू झालं, किती वाजता संपलं, कोणत्या टेस्ट झाल्या ते लिहून ठेवा, पंधरा मिनिटात उरकलं असेल तर तुमच्या वकिलाला क्रॉससाठी (उलटतपासणीसाठी) तेवढं पुरतं. आणि फेसबुकवरचे फोटो बघितले जातात हे गृहीत धरा. डिलीट करत बसू नका, ते आणखी वाईट दिसतं. गणपतीत दहा मिनिटं नाचल्याचा व्हिडिओ असेल तर तपासणाऱ्याला स्वतःहून सांगा.

रिपोर्ट हातात आला की त्यात हे आहे का बघा: कुठले कागद वाचले, कधी आणि किती वेळ भेटले, घरच्यांपैकी कोणाशी बोलले, निदान आणि ते कशावरून, अपघाताआधीचं काम आणि नंतरचं काम, दुसरी काही कारणं असू शकतात का आणि ती का धरली किंवा सोडली, पुढे किती उपचार लागतील आणि अंदाजे खर्च. विरोधात जाणारी गोष्ट पण लिहिलेली असली तर घाबरू नका, उलट त्याने वजन वाढतं. एक गोष्ट मात्र त्यात नको, "कमाईची क्षमता ४०% गेली". राजकुमार निकालाप्रमाणे ते ठरवायचं काम ट्रायब्युनलचं. डॉक्टरने लिहावं की हा माणूस हायवेवर गाडी चालवू शकत नाही, सलग एक तासाच्या वर लक्ष टिकत नाही, रात्रपाळी जमणार नाही. पुढचं गणित वकील आणि न्यायाधीश करतील.

सगळ्यात अवघड प्रश्न म्हणजे "हे कायमचं आहे का?" पीटीएसडी, डिप्रेशन उपचाराने सुधारतं, मग मल्टिप्लायर कशाला, असं समोरचा विचारणारच. प्रामाणिक उत्तर असं की काहींचं सुधारतं आणि काहींचं वर्षानुवर्षं राहतं, आणि तुमचं कुठल्या प्रकारचं हे नीट उपचार घेतल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही. उपचारच घेतले नसतील तर "कायमचं" हा शब्द टिकत नाही. केस मोठी दिसावी म्हणून गोळ्या टाळणारे भेटतात मला, दोन्हीकडून नुकसान होतं त्यांचं. हॉस्पिटल ७० किलोमीटरवर होतं, पैसे नव्हते, बसमध्ये बसवतच नव्हतं, अशी खरी कारणं असतील तर ती रिपोर्टात लिहून घ्या. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरीची प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, सिव्हिल हॉस्पिटलची मानसोपचार ओपीडी आहे, टेली-मानस या सरकारी हेल्पलाईनचा १४४१६ नंबर फुकट आहे. जीव द्यायचे विचार येत असतील तर कोर्ट, क्लेम सगळं बाजूला ठेवून आज फोन करा. सुधारणा झाली तरी क्लेम शून्य होत नाही, मधल्या काळातली बुडालेली कमाई, उपचाराचा खर्च, पुढच्या उपचाराचा खर्च मागता येतो.

साक्षीचं म्हणाल तर रिपोर्ट फाईलला लावला की काम झालं असं नसतं, तज्ज्ञाचं मत २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ खाली येतं (जुन्या पुरावा कायद्याचं कलम ४५) आणि लिहिणाऱ्याला येऊन क्रॉसला सामोरं जावं लागतं. डॉक्टर यायला कंटाळतात, कारण दिवसभर बसवून तारीख पडते. राजकुमारमध्ये यावरही कोर्टाने लिहिलंय, डॉक्टरला ठराविक वेळ द्या, नाहीतर कमिशन (कोर्टाच्या वतीने साक्ष नोंदवणारा माणूस) नेमून हॉस्पिटलमध्ये साक्ष घ्या. वकिलाला तसा अर्ज करायला सांगा. तपासणी ठरवतानाच डॉक्टरला "साक्षीला याल का" हे विचारून घेतलं तर नंतरची वणवण वाचते.

लोकअदालतीत तडजोडीची वेळ आली तर आकडा ऐकण्याआधी रिपोर्ट इन्शुरन्स कंपनीच्या वकिलाला मिळालाय का ते बघा, आणि त्यात पुढच्या उपचाराचा खर्च धरलाय का तेही, कारण तिथे सही केली की परत काही मागता येत नाही. केस रेंगाळली आणि साक्षीची तारीख येईपर्यंत रिपोर्ट वर्षभराच्या वर जुना झाला असेल तर त्याच तज्ज्ञाकडे एकदा फेरतपासणी करून दोन पानांची पुरवणी लावा, आता काय परिस्थिती आहे, औषध काय चालू आहे, काम सुरू झालं का. ती लावली नाही तर तो प्रश्न समोरचा वकील विचारणार आणि डॉक्टर म्हणणार, मी त्यानंतर पेशंट बघितलेला नाही.